यंत्रालाही कल्हई लागते

संगणकाचा इतिहास म्हटला की आपण वेगाच्या गोष्टी सांगतो. उष्णतेचा इतिहास मागेच राहतो. १९७१ साली आलेल्या इंटेलच्या '४००४' चिपमध्ये २,३०० ट्रान्झिस्टर होते. तिला पंखा लागत नसे. १९९३ साली पेंटियम आली. ३१ लाख ट्रान्झिस्टर आणि सुमारे १६ वॅट उष्णता! चिपच्या डोक्यावर धातूच्या पट्ट्या आणि पंखा बसला. पुढे लॅपटॉपच्या अरुंद पोटातून ही उष्णता तांब्याच्या नळीने कडेच्या पंख्यापर्यंत न्यावी लागली.

चिप आणि तांबे गुळगुळीत दिसले, तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म फटी राहतात. तिथे हवा अडकते आणि उष्णतेची वाट अडवते. म्हणून मध्ये लेप असतो. त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. वर्षानुवर्षे तापून-निवून तो सुकतो, कडेला सरकतो. मग चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते आणि आपण म्हणतो, लॅपटॉप म्हातारा झाला!

विंडोज १०ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि जुनी यंत्रे भंगारात काढायला आणखी एक निमित्त मिळाले. आमच्या लहानपणी पितळी पातेले कळकले म्हणून कुणी टाकत नसे. कल्हई लावून घेत. लॅपटॉपचेही तसेच करावे, असे मला वाटते. जाणत्या कारागिराकडून जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवा थोडासा लावून घ्यावा. मऊ पॅड असेल तिथे मात्र तेवढ्याच जाडीचा पॅड हवा. भंगारवाल्याला हाक त्यानंतर मारावी.