पट कुणाचा, घर कुणाचं? जोडप्याच्या डावाचा इतिहास

आजच्या विषयाचं नाव ऐकून काही श्रोत्यांनी आधीच विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत हे कुठून आलं? खरं सांगायचं तर ते पणजीहून आलं. (हशा)

आम्ही दोघं नवरा-बायको, दोघंही इतिहासाचे शिक्षक, आता निवृत्त. लग्नाचा पस्तिसावा वाढदिवस होता. मुलांनी दोन रात्रींचं गोव्याचं बुकिंग करून दिलं आणि त्यातली एक संध्याकाळ मांडवीतल्या तरंगत्या कॅसिनोवर. आयुष्यभर पत्त्यांशी आमचा संबंध मेंढीकोट आणि बदाम सातपुरता. पण गेलो. आवडलं, म्हणून दुसऱ्या रात्रीही गेलो. रुलेट खेळलो, अंदर-बाहर खेळलो, ब्लॅकजॅकच्या टेबलावर थोडे धडपडलो. दोन रात्रींत जे झालं ते शेवटी सांगू. परतीच्या गाडीत मात्र एक प्रश्न पडला होता. नवरा-बायकोनं एकत्र बसून जुगार खेळणं ही आपल्याकडे नवी गोष्ट आहे का?

उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. वेरूळला जा. चौदा क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे ‘रावण की खाई’त, शिव आणि पार्वती सारीपाट खेळत बसलेत. एकवीस क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यात पुन्हा तोच प्रसंग, आणि एकोणतीस क्रमांकाच्या धुमार लेण्यात पुन्हा. सुमारे सहाव्या-सातव्या शतकातली ही कामं. एकाच डोंगरात एकच विषय इतक्या वेळा कोरला जातो, तेव्हा तो लोकांना आवडत होता असं म्हणायला हरकत नाही. धुमार लेण्यात पार्वती फासे टाकणार तेवढ्यात शिवानं तिचा हात धरून ठेवलाय. ज्यांनी घरी पत्नीबरोबर पत्ते खेळलेत त्यांना हे शिल्प समजावून सांगावं लागत नाही. (हशा) शिल्पांत खालच्या बाजूला गण नंदीची खोडी काढताना दिसतात. वर मालक-मालकीण डावात गुंतलेत आणि खाली पोरांचा धिंगाणा, असं भरल्या घराचं चित्र आहे ते.

पुराणांत या डावाच्या कथा आहेत आणि त्यांत बहुतेक वेळा शंकर हरतो. दिवाळीचा पाडवा, कार्तिक शुद्ध प्रतिपदा, तिला ‘द्यूतप्रतिपदा’ असंही नाव आहे. म्हणजे वर्षातल्या एका दिवशी डावाला धर्मानंच मुभा दिली होती, आणि आपल्याकडे तोच दिवस नवरा-बायकोचा मानला जातो.

इथपर्यंत सगळं गोड आहे. पण दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात चौतिसावं सूक्त आहे, अक्षसूक्त. बोलणारा आहे जुगारी. तेव्हा फासे म्हणून बेहड्याची फळं वापरत. या सूक्तात जुगारी कबूल करतो, की माझी बायको चांगली होती, माझ्याशी आणि माझ्या मित्रांशी नीट वागत होती, आणि मी तिला फाशांपायी दूर केलं. सासू तिरस्कार करते, घरचे ओळख दाखवत नाहीत. आणि शेवटी सल्ला काय मिळतो? शेती कर, तुझी गुरं तिथं आहेत, बायको तिथं आहे. तीन हजार वर्षं झाली, पण व्यसनमुक्तीच्या कुठल्याही बैठकीत आजही हेच ऐकू येईल.

मग महाभारत. सभापर्वातला प्रसंग सगळ्यांना माहीत आहे, म्हणून आम्ही फक्त एका मुद्द्यावर थांबतो. द्रौपदीनं निरोप्याबरोबर सभेला एक प्रश्न पाठवला: धर्मराज आधी स्वतःला हरले की आधी मला? हा रडण्याचा प्रश्न नाही, हा हिशोबाचा प्रश्न आहे. जो स्वतःचाच मालक उरला नाही, तो दुसऱ्या कुणाला पणाला कसा लावणार? भीष्मांनाही त्याचं सरळ उत्तर देता आलं नाही.

त्याच महाभारतात वनपर्वात दुसरं जोडपं आहे, नल आणि दमयंती. दमयंती आपल्या विदर्भाची, कुंडिनपूरची माहेरवाशीण. नल भाऊ पुष्कराशी खेळत सुटला, हरत गेला, मंत्र्यांचं ऐकेना. दमयंतीनं काय केलं? तिनं सारथी वार्ष्णेयाला बोलावलं, दोन्ही मुलांना रथात बसवलं आणि माहेरी पाठवून दिलं. नवऱ्याचा हात धरणं आपल्या हातात उरलेलं नाही हे ओळखून जे वाचवता येईल ते तिनं आधी वाचवलं. आणि सगळं हरल्यावर पुष्कर जेव्हा म्हणाला, आता दमयंती उरली आहे, ती लाव, तेव्हा नल उठला. नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडला, पण तो पण त्यानं लावला नाही. धर्मराज आणि नल, दोघंही हरले. फरक फक्त कुठं उठायचं याचा होता.

आता तुमच्या मनात आलं असेल, की वेरूळचा डाव गोड आणि हस्तिनापूरचा कडू, असं का? फासे तेच, पट तोच. आम्हाला याचं एक साधं उत्तर सुचतं. वेरूळच्या पटावर दोघंच आहेत. शंकर हरला तर पार्वती जिंकते, आणि जे जातं ते घरातल्या घरात राहतं. डावात तिसरा माणूस आला, की घरातलं बाहेर जायला लागतं. तेव्हा जुगाराचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी या तिसऱ्या माणसाचा इतिहास आहे.

हा तिसरा माणूस कौटिल्यानं फार स्वच्छ दाखवलाय. अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. जुगार एकाच ठरलेल्या जागी चालवायचा, दुसरीकडे खेळणाऱ्याला बारा पण दंड. जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच घ्यायचे. शिवाय कवड्या-फाशांचं भाडं, पाण्याचे, जागेचे पैसे वेगळे. म्हणजे परवाना, प्रवेश फी आणि कर, सगळं आलं. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त दुसऱ्या अंकात अड्ड्याचा मालक माथुर दहा सुवर्णांसाठी संवाहकाचा पाठलाग करतो, आणि संवाहक ओसाड देवळात शिरून मूर्ती बनून उभा राहतो. प्रेक्षक हसतात, पण वसुली खरी आहे.

युरोपात या तिसऱ्या माणसानं मोठी हुशारी केली. त्यानं वसुली यंत्रातच बसवली. रुलेटच्या चक्रावर 1 ते 36 आकडे असतात आणि एक शून्य, म्हणजे एकूण 37 घरं. तुमचा आकडा आला तर एकास पस्तीस मिळतात. आता हिशोब करा. प्रत्येक आकड्यावर शंभर-शंभर लावले तर गेले 3700 आणि हातात आले 3600. कौटिल्य जिंकणाऱ्याकडून उघड पाच टक्के मागत होता. चक्र कुणाकडे काहीच मागत नाही, पण लावलेल्या प्रत्येक रुपयामागे सरासरी 2.7 पैसे न बोलता ठेवून घेतं. इंग्रजीत कॅसिनोला ‘हाऊस’ म्हणतात, म्हणजे घर. टेबलावर बसलेल्या सगळ्यांची घरं एकीकडे आणि हे घर दुसरीकडे.

या चक्रासमोर बसलेल्या एका जोडप्याची गोष्ट आता जरा सविस्तर सांगतो, कारण तिची कागदपत्रं आहेत. फ्योदोर दस्तयेवस्की आणि त्यांची दुसरी पत्नी अ‍ॅना. ऑक्टोबर 1866 मध्ये प्रकाशकाच्या करारात अडकलेल्या दस्तयेवस्कींनी सव्वीस दिवसांत एक कादंबरी सांगून लिहून घेतली. लिहून घेणारी लघुलेखिका होती वीस वर्षांची अ‍ॅना, आणि कादंबरी होती ‘जुगारी’. पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं. देणेकऱ्यांचा ससेमिरा चुकवायला ती देशाबाहेर पडली आणि 1867 च्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या बाडेन-बाडेनला पोचली. मुक्काम सुमारे सात आठवडे. अ‍ॅनाला दिवस गेलेले. नवरा रोज कॅसिनोत. लग्नात दिलेले कानातले आणि ब्रोच गहाण पडले, लग्नाच्या अंगठ्याही गहाण पडल्या.

अ‍ॅना रोजची डायरी लघुलिपीत लिहीत होती. नवऱ्याला ती लिपी वाचता येत नव्हती. आम्हाला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. संसारातलं एकमेव खरं हिशोबाचं बाड असं होतं, की जे फक्त तीच वाचू शकत होती. ती ओरडत नव्हती, पैसे मागितले की देत होती. हा तिचा दुबळेपणा होता की शहाणपण, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत आणि आज ती मिटणार नाहीत. (हशा) एप्रिल 1871 मध्ये वीसबाडेनला दस्तयेवस्की शेवटचं हरले. बायकोला पत्र लिहिलं, आता पुन्हा नाही. अशी वचनं आधीही दिली होती, पण हे मात्र पाळलं. 1881 मध्ये वारले, तोपर्यंत पुन्हा खेळले नाहीत. त्यांच्या वचनाला थोडा बाहेरचा हातभारही लागला असेल, कारण 1872 अखेर जर्मनीतले कॅसिनोच बंद झाले. परत आल्यावर 1873 पासून अ‍ॅनानं नवऱ्याची पुस्तकं स्वतः छापून विकायला सुरुवात केली. ज्या हातानं गहाणाचे पैसे मोजले, त्याच हातानं घर कर्जातून बाहेर काढलं.

आता आपल्याकडे येऊ. 1976 हे साल लक्षात ठेवा. त्या साली गोवा, दमण आणि दीव या तेव्हाच्या केंद्रशासित प्रदेशाचा जुगारबंदीचा कायदा झाला. आणि त्याच साली महाराष्ट्रात कॅसिनोंना परवानगी आणि कर लावणारा कायदा झाला! पुढे काय झालं? महाराष्ट्रानं तो कायदा कधी लागूच केला नाही. इथं 1887 चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदाच चालत राहिला आणि कॅसिनोचा कायदा 2023 मध्ये रद्द करायचं ठरलं. गोव्यानं मात्र बंदीच्या कायद्यात 1992 साली दुरुस्ती केली, पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना वाट दिली, आणि नंतर 1996 च्या दुरुस्तीनं पाण्यावरच्या जहाजांत टेबलांना. म्हणून टेबलं मांडवीत गेली आणि आपण मुंबई-पुण्याहून तिथं जायला लागलो.

याहून बोलकी गोष्ट पुढची आहे. फेब्रुवारी 2020 पासून खुद्द गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. मोंते कार्लोचा कॅसिनो 1863 चा, तिथंही मोनाकोच्या नागरिकांना खेळायला मनाई. म्हणजे दोन्हीकडच्या राज्यकर्त्यांना घरातलं आणि बाहेरचं नीट कळतं. आपल्या घरातलं जाऊ नये, दुसऱ्याच्या घरातलं यावं. ते दुसरं घर म्हणजे आम्ही.

आता आमची कबुली. निघताना ठरलं होतं, दोघांनी मिळून दर रात्री पाच हजार. संपले की उठायचं. पहिली रात्र छान गेली. दोनशे-दोनशेचे डाव, एकमेकांच्या चिप्स मोजणं, लाल की काळं यावर भांडण. शेजारचे हसत होते. दोनशेचे सव्वाशे डाव खेळलो तर सरासरीनं सातशे रुपये जातात, एवढाच हिशोब होता, आणि तेवढ्यात संध्याकाळ स्वस्त पडली.

दुसऱ्या रात्री आमच्यापैकी एक जण अंदर-बाहरच्या टेबलावर वेगळा बसला. कोण, ते सांगायचं नाही असं आमचं ठरलंय. दुसऱ्यानं येऊन विचारलं, “किती उरलेत?” उत्तर आलं, “आहेत, आहेत.” नव्हते. हॉटेलच्या बिलाच्या पाकिटातले चार हजार निघाले होते आणि तेही गेले होते. रक्कम मोठी नाही. पस्तीस वर्षांत याहून मोठे खड्डे आम्ही एकत्र भरलेत. पण त्या रात्री परतताना बोटीच्या कठड्याशी आम्ही गप्प उभे होतो, कारण पैशाबद्दल एकमेकांशी खोटं बोलायची ती पहिलीच वेळ होती. ज्याला विचारलं होतं त्यानं खोलीवर पोचल्यावर आपणहून सांगितलं. आणि ज्यानं विचारलं होतं त्याला ते टेबलाजवळच कळलं होतं.

अक्षसूक्तातल्या जुगाऱ्याचं दुःख, द्रौपदीचा प्रश्न, अ‍ॅनाची लघुलिपी, हे सगळं आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं होतं. तिथं बसेपर्यंत एक गोष्ट नीट कळली नव्हती. टेबलावरचा तिसरा माणूस पैसे घेतो, ते तर तो सांगूनच घेतो. पण त्याच्यासमोर दोघं एका बाजूला बसलेले असतात तोवरच ती सहल असते. एकानं “आहेत, आहेत” म्हटलं, की पट बदलतो.

आमच्याकडे आता दर पाडव्याला सारीपाट मांडतो. सोंगट्या जुन्या बाजारात मिळाल्या. पण लागतो पन्नास रुपयांचा. बहुतेक वेळा कोण हरतं, ते वेरूळला बघून या.

प्रश्न असतील तर घेऊ.