टाके निघाल्यानंतर

स्वतःला इजा करून घेतलेला माणूस इस्पितळात आला की जखमेला टाके पडत, आणि पाठोपाठ खाटेशी पोलीस येत, जबाब घ्यायला. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा होता. मग घरची माणसे ‘अपघात झाला’ असे सांगत. टाके निघाले की उपचार संपत. मनाची विचारपूस राहूनच जाई.

मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली, एका मनोरुग्ण पोलीस शिपायाच्या खटल्यात, हे कलम घटनाबाह्य ठरवले. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटले; १९९६ मध्ये मात्र ते पुन्हा वैध ठरले.

या निकालांइतकाच मोलाचा मला एक अभ्यास वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांत असे १,८६७ रुग्ण पाहिले. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. बाकीच्यांशी शिवाय तासभर बोलणे झाले, आणि दीड वर्षात नऊ वेळा, फोनवर किंवा घरी जाऊन, चौकशी. २००८ साली निष्कर्ष आले. पहिल्या गटात आत्महत्येने २.२ टक्के मृत्यू, दुसऱ्यात ०.२.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा माणसाची काळजी, उपचार आणि पुनर्वसन हे सरकारचे कर्तव्य ठरवले. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम उरलेले नाही.

कायद्याची भीती सरली, लाज उरली आहे. म्हणून टाके काढायला जाल तेव्हा मनोविकारतज्ज्ञांचीही वेळ घ्या, आणि पुढेही विचारत राहा. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.