भुंग्याने चाळ पोखरली का?

गेल्या महिन्यात घाटकोपरच्या आमच्या जुन्या चाळीतून काकूंचा फोन आला. "अगं, तू त्या लाकडांवरच पीएचडी करतेस ना? मग ये आणि आमचा कठडा बघ." माझा विषय इतिहास आहे, कीटकशास्त्र नाही, हे त्यांना तीनदा सांगून झालंय. पण उपनगरांतल्या जुन्या घरांचं लाकूड कोणी आणि कसं राखलं, यावर प्रबंध लिहिणाऱ्या मुलीला अशी सुटका मिळत नाही. गेले.

गॅलरीच्या कठड्याला खालच्या बाजूने बोट जाईल एवढी गोल भोकं होती. जमिनीवर पिवळसर भुसा पडला होता आणि एक काळाकुट्ट भुंगा घरघर करत फिरत होता. काकूंना भीती डंखाची नव्हती. मालकाचा माणूस येऊन सांगून गेला होता, "भुंग्यांनी चाळ खाल्ली, आता राहण्यात धोका आहे, विचार करा." विचार करा म्हणजे खोली सोडा, हे चाळीत सगळ्यांना कळतं. त्यामुळे काकूंना औषध फवारून भुंगे आजच्या आज घालवायचे होते.

मी म्हटलं, आधी गुन्हा कोणाचा ते तर बघू.

हा भुंगा म्हणजे एक प्रकारची एकटी राहणारी मधमाशीच. १८०२ साली लात्रेय या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिच्या प्रजातीला झायलोकोपा हे नाव दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ लाकूड कापणारी. भारतातल्या जातींची वर्णनं बिंगहॅमच्या १८९७ च्या ग्रंथात सापडतात. मादी कोरड्या, उघड्या लाकडात बोगदा करते, पण लाकूड खात नाही. पराग आणि मध कालवून गोळा करते, त्यावर अंडं घालते आणि भुशाचा पडदा लावून पुढची खोली सुरू करते. डोक्यासमोर घिरट्या घालून घाबरवणारा बहुधा नर असतो आणि नराला नांगीच नसते. मादी डंख मारू शकते, पण हातात धरल्याशिवाय सहसा मारत नाही.

आपल्याकडे हे शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात, म्हणजे शके १२१२ (इ.स. १२९०) मध्ये, अर्जुनाच्या स्नेहाला भ्रमराचा दृष्टांत दिलाय. सुकं लाकूड सहज भेदणारा भ्रमर कोवळ्या कळीत मात्र अडकतो आणि प्राण गेला तरी पाकळी फाडत नाही. संस्कृत सुभाषितांतही हीच कल्पना आहे. आपण ती प्रेमाची उपमा म्हणून वाचतो. मी मात्र ती पुरावा म्हणून वाचते. घरातली नेहमीची मधमाशी लाकूड पोखरत नाही, म्हणजे हा भ्रमर आपला कठड्यातलाच भुंगा. सातशे वर्षांपूर्वीच्या श्रोत्याला हे समजावून सांगावं लागत नव्हतं, कारण त्याने ते बघितलेलं होतं. आणि त्या ओवीत भुंग्याबद्दल राग नाही, उलट थोडं कौतुकच आहे.

मग लाकडातलं भोक दिसलं की औषध मारायचं, हे कधी सुरू झालं? या गोष्टीतलं एक पात्र भारतातून गेलेलं आहे. हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय बिहारमधल्या पुसा इथे सरकारी कीटकशास्त्रज्ञ होता. १९०९ साली त्याचं 'इंडियन इन्सेक्ट लाइफ' आलं. इंग्लंडला परतल्यावर त्याला लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलचं छप्पर वाचवायला बोलावलं. तिथलं लाकूड भुंगेऱ्याच्या अळ्या खरोखरच खात होत्या. त्याने त्यावर औषध तयार केलं, त्यातून १९२५ साली रेंटोकिल ही कंपनी निघाली आणि त्याच वर्षी स्वतःच्याच प्रयोगशाळेतल्या विषारी वायूने तो गेला. भुंगेरा वेगळा, भुंगा वेगळा. पण फवारणीवाल्याला दोन्ही सारखेच.

आता काकूंच्या कठड्याकडे येऊ. चाळीच्या तुळया जुन्या सागवानाच्या आहेत. मुंबईत सागवान येण्याची मोठी वाट बर्मातून होती. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन १८६३ साली इथेच स्थापन झाली. मी टॉर्च घेऊन एकेक तुळई पाहिली. सागवानात भुंग्याचं एकही भोक नव्हतं. तुळया कुजल्यात त्या जिथे कौलं फुटून पाणी मुरतं तिथे, आणि त्या ओलीवर वाळवी चढलीय. भुंगे फक्त कठड्यात, कारण तो मागाहून बसवलेला हलक्या लाकडाचा आणि कित्येक वर्षं रंग न लागलेला.

कोकणातल्या घरांत आणि होड्यांना काजूच्या टरफलांचं तेल लावायची पद्धत होती. शहरात ते काम रंगाने आणि जवसाच्या तेलाने केलं. रंगवलेल्या, तेल पाजलेल्या लाकडाला भुंगा सहसा तोंड लावत नाही. म्हणजे भुंगा हाकलायचा नैसर्गिक उपाय पूर्वी घराच्या देखभालीतच होता. ती देखभाल का थांबली, हा माझ्या प्रबंधाचा प्रश्न. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली. भाडेकरू टिकले, पण मालकाचा खर्चातला रस गेला. १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी मंडळ आलं, तेही सायन-माहीमपर्यंतच्या शहरापुरतं. घाटकोपर १९५० पासून महापालिकेत असूनही त्या कायद्याच्या बाहेर राहिलं. दुरुस्ती मालकाची जबाबदारी आहे, हे कायदा आजही सांगतो. नोटीस देऊनही त्याने पंधरा दिवसांत काही केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंतच. काकूंचं भाडं महिना साठ रुपये. पाव हिस्सा वर्षाला एकशे ऐंशी! एवढ्यात सुताराची अर्ध्या दिवसाची मजुरीही निघत नाही.

शेवटी आम्ही काय केलं ते सांगते, कारण बऱ्याच जणांना तेवढंच हवं असेल. चालू भोकं लगेच बुजवली नाहीत. आत माशी असेल तर ती दुसरीकडून कोरून बाहेर येते. ये-जा थांबल्यावरही महिना-दीड महिना थांबायचं, कारण आत पिल्लं असू शकतात. मग लांबी भरून, घासून, सगळ्या बाजूंनी रंग द्यायचा. खालची बाजू विसरायची नाही, भुंगा तीच शोधतो. तोवर बाकीच्या कठड्याला जवसाचं तेल पाजलं. मागच्या शेवग्याजवळ सुक्या लाकडाचा ओंडका आणि बांबूचे तुकडे बांधून ठेवले. शेवगा, बहावा, रुई यांच्या फुलांवर हेच भुंगे परागीभवन करतात. वांग्याच्या फुलातले पराग तर ते घरघरीने हलवून बाहेर काढतात. काकू म्हणाल्या, "म्हणजे भाडेकरूला पर्यायी जागा दिली म्हण की!"

तुळयांचे फोटो आणि गळक्या कौलांची यादी जोडून मालकाला पत्र दिलंय. त्यात भुंग्याचा उल्लेख एकाच वाक्यात आहे: कठडा सोडून त्याने कशालाही हात लावलेला नाही. उत्तर अजून आलेलं नाही.

एक विनंती. तुमच्या जुन्या घरात लाकडाला काय लावायचे, कोण लावायचं आणि ते कोणत्या वर्षी बंद पडलं, हे घरातल्या मोठ्या माणसांना विचारून मला नक्की कळवा. कागदपत्रांत हे फार कमी सापडतं.