बेनफिकाचे अंतिम सामने आणि पैजेचे अनुमान

लिस्बनच्या बेनफिका संघाने १९६१ साली बर्न येथे बार्सेलोनास ३-२ असे, व १९६२ साली ॲमस्टरडॅम येथे रेआल माद्रिदला ५-३ असे नमवून युरोपीय चषक लागोपाठ दोनदा जिंकला. त्यानंतर प्रशिक्षक बेला गुटमन यांनी संघ सोडला. जाताना त्यांनी शंभर वर्षांच्या अपयशाचा शाप दिला, अशी आख्यायिका आहे. १९६३ ते २०१४ या काळात संघाने आठ युरोपीय अंतिम लढती गमावल्या, त्यामुळे तिला बळ मिळाले.

तथापि या आठांपैकी पाच लढती अवघ्या एका गोलाने, तर १९८८ व २०१४ च्या पेनल्टींवर गेल्या. १९६८ साली मँचेस्टर युनायटेडविरुद्धचा सामनाही नियमित वेळेत बरोबरीतच होता.

पोर्तुगालमध्ये फुटबॉलच्या निकालांवरील ‘टोटोबोला’ ही अधिकृत पैज १९६१ सालीच सुरू झाली. पैज लावणारा पराभवांची केवळ संख्या मोजील, तर तो आख्यायिकेसच पुरावा मानील. वस्तुतः हे पराभव दौर्बल्याचे नव्हेत, तर तुल्यबळतेचे निदर्शक आहेत. पुढील सामन्याचा निर्णय त्या दिवशीच्या संघांच्याच हाती राहतो.