देवी आणि राज्यकर्त्या : नगर प्रांतातील स्त्रीप्रतिमांची वाटचाल

आयरिश पुराणकथांच्या अभ्यासात मेव्ह या कॉनक्टच्या राणीला मध्यवर्ती स्थान आहे. अल्स्टरच्या एका बैलासाठी सैन्य उभे करणारी, पतीच्या संपत्तीशी स्वतःच्या संपत्तीची तुलना मांडणारी ही राणी मूळची राज्यश्रीची देवता असावी, असे अनेक अभ्यासकांनी प्रतिपादन केले आहे. भूमिस्वरूप देवीशी विवाह झाल्यावाचून राजाला राजत्व प्राप्त होत नाही, ही तेथील प्राचीन कल्पना होय. ख्रिस्ती मठांत जेव्हा या कथा लिहिल्या गेल्या तेव्हा देवीची राणी झाली, आणि ब्रिगिड या देवीच्या नावाचे व लक्षणांचे पुष्कळसे धन त्याच नावाच्या संत स्त्रीकडे आले. म्हणजे आयर्लंडमधील प्रवासाची दिशा देवत्वाकडून मानुषत्वाकडे आहे. पूर्वीचा अहमदनगर आणि 2024 पासूनचा अहिल्यानगर जिल्हा हा प्रदेश या दृष्टीने पाहू लागले असता नेमकी उलट दिशा प्रत्ययास येते. येथे इतिहासातील स्त्रिया हळूहळू देवत्वाकडे सरकत गेल्या आहेत. या स्थित्यंतरात काय मिळाले आणि काय हरवले, हा प्रश्न केवळ लोकसाहित्याच्या अभ्यासकाचा नाही. तो इतिहासलेखनाचा आणि समीक्षेचाही आहे.

या प्रदेशातील देवताविश्वाचा पट आधी लक्षात घ्यावा लागतो. प्रवरेकाठच्या नेवाशात मोहिनीराजाचे स्थान आहे. अमृतमंथनाच्या कथेत विष्णूने धारण केलेले स्त्रीरूप येथे स्वतंत्र दैवत म्हणून पूजिले जाते. ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली ते हेच गाव. लोकपरंपरेने या मोहिनीचे नाते म्हाळसेशी जोडले आणि म्हाळसेला नेवाशाच्या लिंगायत वाण्याची कन्या व खंडोबाची पहिली पत्नी ठरविले. तिच्यासमोर धनगरांची बाणाई उभी राहते. दोघींच्या भांडणाच्या गीतांत स्थिर, व्यापारी, घरंदाज जीवन आणि मेंढपाळांचे भटके जीवन यांचा ताण व्यक्त होतो, याकडे गुंथर सोंथायमर यांच्यासारख्या अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. दुसरीकडे पाथर्डीजवळची मोहटादेवी व केडगावची देवी ही रेणुकेची स्थाने, आणि कर्जत तालुक्यातील राशीनची यमाई. रेणुकेची कथा पतीच्या आज्ञेने पुत्राने केलेल्या शिरच्छेदाची आहे, आणि माहूरला पूजा होते ती केवळ मुखाची. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ (1978) या ग्रंथात या मातृदेवतांच्या मुळाशी असलेल्या सर्जनशक्तीच्या उपासनेचा शोध घेतला. पुराणकथेने जिला शासन केले तिलाच लोकांनी आई म्हणून स्वीकारले, हा या श्रद्धेतील अर्थपूर्ण अंतर्विरोध आहे.

आता निजामशाहीकडे वळता येईल. हुसेन निजामशहाची बेगम खुंजा हुमायूं हिने 1565 मध्ये पतीच्या निधनानंतर अल्पवयीन मुर्तजाच्या नावाने काही वर्षे कारभार पाहिला. पुढे मुलानेच तिला कैदेत टाकले. आफताबी या कवीचे ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे फारसी काव्य याच काळातले. त्याची सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. या पोथीतील अनेक चित्रांत राजाच्या शेजारी बसविलेली राणीची आकृती नंतर कोणीतरी पुसून किंवा रंगाने झाकून टाकली आहे. सत्तेवर असलेल्या स्त्रीला अभिलेखातून वगळण्याचा इतका ठळक पुरावा क्वचितच हाती लागतो.

तिची कन्या चांदबीबी मात्र पुसली गेली नाही. ती आख्यायिका झाली. विजापूरच्या अली आदिलशहाशी तिचा विवाह झाला तो तालिकोटच्या लढाईपूर्वीच्या राजकीय युतीचा भाग म्हणून. 1580 मध्ये पतीचा खून झाल्यावर तिने अल्पवयीन इब्राहीम आदिलशहाची पालक म्हणून विजापूरच्या दरबारी संघर्षात भाग घेतला आणि काही काळ साताऱ्याच्या किल्ल्यात कैदही भोगली. पुढे नगरला परतल्यावर 1595-96 मध्ये शहाजादा मुरादच्या मोगल सैन्याने वेढा घातला. सुरुंगाने तटाला पडलेले खिंडार तिने रातोरात बुजवून घेतले. दारूगोळा संपल्यावर तिने तोफांतून सोन्याचांदीचे गोळे डागले, असे लोककथा सांगते. इतिहास सांगतो तो वृत्तांत कमी झळाळीचा, पण अधिक विचार करायला लावणारा आहे. वऱ्हाड मोगलांना देऊन तिने भावाचा नातू बहादूर याची गादी वाचविली. 1600 मध्ये शहाजादा दानियालने पुन्हा वेढा घातला तेव्हा किल्ला टिकणार नाही हे ओळखून तिने तहाचा विचार मांडला. फितुरीचा आळ घेऊन तिच्याच लोकांनी तिला ठार केले आणि लवकरच किल्ला मोगलांच्या हाती गेला.

शौर्याची मूर्ती लोकस्मृतीने जपली. तडजोडीचा विवेक आणि त्यासाठी दिलेली किंमत मात्र मागे पडली. नगरच्या पूर्वेस शहा डोंगरावर जी तीन मजली अष्टकोनी इमारत ‘चांदबीबीचा महाल’ म्हणून ओळखली जाते ती वस्तुतः मुर्तजाचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. पोथीतून आईची आकृती नाहीशी झाली, तर मुलीला दुसऱ्याची वास्तू बहाल झाली. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही क्रियांत राज्यकर्ती स्त्री प्रत्यक्ष जशी होती तशी शिल्लक राहत नाही.

अहिल्याबाई होळकरांचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. जामखेड तालुक्यातील चौंडी येथे 1725 मध्ये धनगर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. खंडेराव 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले. मल्हाररावांच्या सांगण्यावरून अहिल्याबाई सती गेल्या नाहीत, असे परंपरा सांगते. 1766 मध्ये मल्हारराव आणि 1767 मध्ये पुत्र मालेराव गेल्यावर, दत्तक वारस बसवून दौलत हाताळू पाहणाऱ्या राघोबादादांच्या पक्षाला त्यांनी ठामपणे रोखले, तुकोजी होळकरांकडे सैन्य सोपविले आणि महेश्वरहून 1795 पर्यंत कारभार केला. काशीविश्वेश्वराच्या मंदिराची उभारणी, ठिकठिकाणचे घाट, विहिरी, धर्मशाळा यांमुळे त्यांची ‘पुण्यश्लोक’ ही प्रतिमा घडली. माल्कमने 1823 च्या ग्रंथात त्यांची केलेली प्रशंसाही याच प्रतिमेला पोषक ठरली. आज इंदूरच्या विद्यापीठाच्या नावात ‘देवी’ हे पद आहे. परंतु द. ब. पारसनीसांनी प्रसिद्ध केलेली ‘महेश्वर दरबारची बातमीपत्रे’ वाचताना हातात पिंड घेतलेल्या मूर्तीपेक्षा निराळी व्यक्ती समोर येते: बातम्या मागविणारी, पैशाचा हिशेब मागणारी, कारभाऱ्यांवर व सरदारांवर नजर ठेवणारी. देवत्वाच्या तेजात हे रोजचे राजकारण दिसेनासे होते.

म्हणून देवत्व हे केवळ अवमूल्यन आहे, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. सत्तेवरील स्त्रीला समजून घेण्यासाठी समाजाजवळ दुसरी भाषाच नसते तेव्हा तो देवीची भाषा वापरतो. ज्या धनगर समाजाच्या बाणाईला कथेत दुसरेपण आले, त्याच समाजातील एका मुलीचे नाव जिल्ह्याला मिळाले, यातील सन्मानाचा अर्थ नाकारता येत नाही. पण या भाषेची किंमतही असते. 1902 च्या येट्स व लेडी ग्रेगरी यांच्या नाटकात आयर्लंड म्हातारीच्या रूपाने येऊन तरुणांचे बलिदान मागते. ईव्हन बोलंड या कवयित्रीने 1989 मध्ये या परंपरेची चिकित्सा केली: काव्यात स्त्री राष्ट्राचे प्रतीक झाली आणि प्रत्यक्ष जगलेल्या स्त्रियांचा भूतकाळ मुका राहिला. नगर प्रांतातील स्त्रीप्रतिमांना हे निरीक्षण तितकेच लागू पडते.

स्त्रीवादी समीक्षेने देवीची मूर्ती फोडण्याची आवश्यकता नाही. मोहट्याच्या डोंगरावर नवरात्रात चढणाऱ्या बाईची श्रद्धा आणि महेश्वरच्या पत्रांचे वाचन ही परस्परांना छेद देणारी कृत्ये नव्हेत. आवश्यकता आहे ती मूर्तीशेजारी कागद ठेवण्याची. खुंजा हुमायूंच्या आकृतीवरचा रंग, चांदबीबीचा फेटाळला गेलेला सल्ला आणि अहिल्याबाईंचे हिशेब हे तीन पुरावे एकत्र वाचले, तर या भूमीत स्त्रियांनी राज्य केले हे चमत्काराचा आधार न घेता सांगता येते. तसे सांगितले गेल्यावाचून नव्या नावाचा अर्थ पुरता उलगडणार नाही.