वाहत्या पाण्यातला कंद

मी सातपुड्यातल्या धडगावला शिक्षिका म्हणून रुजू झाले ते १९९६ साली. नंदुरबार जिल्हा तेव्हा व्हायचा होता; १ जुलै १९९८ ला तो धुळ्यातून वेगळा झाला. माहेर शहाद्याकडचं. कंद म्हणजे एकादशीचं रताळं, एवढीच माझी ओळख.

पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या पावरा समाजातल्या आजीच्या ओसरीवर मी कडूकंद पाहिला. पातळ काप, चुलीतली राख घालून उकडलेले, बांबूच्या टोपलीत भरलेले. एक उचलायला गेले तर आजी म्हणाली, "बाई, हात नको लावू. अजून कडू आहे." टोपली तिनं ओढ्याच्या धारेत दगडाखाली दाबली. दोन रात्रींनी एक काप नुसता जिभेवर ठेवला, थुंकला आणि टोपली परत पाण्यात. तिसऱ्या दिवशी लसूण-मिरचीच्या वाटणात परतून ज्वारीच्या भाकरीबरोबर वाढला. दाताखाली रवाळ, मागे किंचित मातीचा वास. मी दोनदा मागून घेतला.

या कंदात खरोखरीचं विष असतं. ते पाण्यात उतरतं, म्हणून तर धार लागते. सुरणाची तऱ्हा निराळी: घशाला टोचतात त्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया, त्यांना आंबट लागतं. सातपुड्यात घरोघरी आमचूर वाळतो, तोच आजी सुरणात घालायची. रताळं मात्र पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आलेलं, निखाऱ्याच्या कडेला सावकाश भाजलं की आतला स्टार्च साखर होतो. आजी ते घाईनं कधीच उलटत नसे.

छप्पन्याच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० ला, अशा कंदांवर माणसं तगली, हे खरं. पण तेवढ्यावरून याला दुष्काळातलं खाणं म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. कणगीत ज्वारी असताना आजी हौसेनं कंद खणायला जायची. पावसाळ्यात हेरून ठेवलेला वेल वाळला की पहारीनं खणायचं, कंदाचा वरचा तुकडा खड्ड्यातच ठेवून माती लोटायची. पुढच्या वर्षी वेल तिथंच. इंग्रजांच्या १८७८ च्या वन कायद्यानं हे रान सरकारी झालं आणि पिढ्यान्‌पिढ्यांचं हे खणणं चोरून करायचं काम झालं. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजात कंदमुळांचं नाव आलं, ते वाचून मी वर्गात मुलांना मोठ्यानं सांगितलं होतं.

तोवर नर्मदाकाठची किती गावं सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली गेली होती. महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. माझी एक विद्यार्थिनी तळोद्याकडच्या वसाहतीत राहते. मागच्या पौषात तिच्या मामानं वरून कडूकंद पाठवला. तिनं काप केले, राख घालून उकडले, टोपली नळाखाली ठेवली. नळाला पाणी तासभर येतं. तिनं मला फोन करून विचारलं, "बाई, बादलीत पाणी बदलत राहिलं तर चालेल का?" मला सांगता येईना. आजी आता नाही. मी तिला म्हटलं, "नको खाऊ. पुढच्या वेळी इकडेच घेऊन ये, ओढ्यावर."