काळ्या मडक्याचे वय

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात सान इल्डेफोन्सो नावाचे एक प्वेब्लो आदिवासी गाव आहे. तेथील काळी मडकी अनेक मोठ्या संग्रहालयांत दिसतात. चकचकीत काळ्या अंगावर मंद काळी नक्षी. त्यांना सर्रास ‘पारंपरिक’ म्हटले जाते. ही परंपरा किती जुनी, ते आपण पाहू.

प्वेब्लो लोक दीड हजार वर्षांहून अधिक काळ मडकी करत आले आहेत, तीही चाकाशिवाय. मातीच्या लांब वळ्या एकीवर एक रचायच्या, खरवडून पातळ करायच्या, गुळगुळीत गोट्याने घासून चकाकी आणायची. 1598 मध्ये स्पॅनिश लोक या प्रदेशात वसले. त्यांना चाक ठाऊक होते, पण प्वेब्लो बायकांनी ते उचलले नाही. उचलले ते शेण! मेंढ्या, गाई, घोडे इथे स्पॅनिशांबरोबर आले आणि वाळलेले शेण मडकी भाजायचे इंधन बनले.

1880 मध्ये रेल्वे आली. तयार धातूची भांडी स्वस्तात मिळू लागली, घरची मडकी मागे पडली. प्रवाशांना हवी होती ती पिशवीत मावणारी, शोभेची.

पुढे एडगर ह्यूएट या पुरातत्त्वज्ञाने उत्खननात सापडलेल्या खापरांसारखे भांडे घडवायला मारिया मार्टिनेझ यांना सांगितले. मारिया घडवत, पती जुलियन रंगवत. साधी काळी मडकी या भागात आधीही होत. काळ्यावर काळी नक्षी मात्र या दोघांना 1919 च्या सुमारास साधली. त्यातले रसायन वर्गात सांगण्याजोगे आहे. मातीत लोह असते. मोकळ्या हवेत भाजले की लाल लोह ऑक्साइड होते. ऐन आचेवर शेणाच्या भुकटीने जाळ दडपला की ऑक्सिजन तुटतो, लोहाच्या ऑक्साइडचे क्षपण होते, धुरातला कार्बन मातीच्या छिद्रांत बसतो आणि मडके काळे होते. म्हणजे ‘पारंपरिक’ काळेपणा ज्या शेणातून येतो, ती जनावरे बाहेरून आलेली!

आम्हाला त्याहून मोठा बदल वाटतो तो सहीचा. पूर्वी मडक्यावर नाव नसे. गिऱ्हाइकांना ते हवे होते, म्हणून 1920 च्या दशकात मारिया सही करू लागल्या. शेजारणींची मडकी चांगल्या भावाने जावीत म्हणून त्यांच्यावरही करत. संग्राहकाला सही म्हणजे घडवणाऱ्याचा पुरावा. मारियांना ती गावाच्या उपयोगाची वस्तू. जुलियनची नक्षी मात्र सुरुवातीला बिननावाचीच राहिली; त्यांचे नाव काही वर्षांनी शेजारी आले.